रक्तातील पूर्वसूचना : दाह, मूत्रपिंड आणि हृदयविकार



वार्षिक अहवालाचा बहुतांश भाग जमाखर्चाचा असतो. किती रुग्ण आले, किती देणग्या मिळाल्या, कोणत्या खात्यावर किती खर्च पडला, याचा हिशेब देणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु रुग्णालयाचा खरा ताळेबंद आकड्यांच्या रकान्यांत पूर्णपणे मावत नाही. त्यासाठी एखाद्या आजाराचे मर्म वाचकांपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते. यंदा आम्ही हृदयविकाराच्या पूर्वसूचनेचा विषय घेतला आहे.

हा विषय निवडण्यास दोन प्रश्न कारणीभूत झाले. पहिला प्रश्न नातेवाइकांचा. "मागच्याच महिन्यात रक्त तपासले होते, रिपोर्ट नॉर्मल होता, मग झटका आला कसा?" असे विचारणारा मुलगा किंवा पत्नी आमच्या कार्यालयासमोर उभी राहते, तेव्हा तिला द्यावयाचे उत्तर दोन वाक्यांत संपत नाही. दुसरा प्रश्न देणगीदारांचा. "हृदयरोगासाठी काही द्यावयाचे आहे, कोणते यंत्र घ्यावे?" असे ते आस्थेने विचारतात. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जोडलेली आहेत, असे आमचे मत आहे. आम्ही स्वतः वैद्यक नव्हे, प्रशासनाचे काम पाहणारे आहोत. म्हणून वैद्यकशास्त्रात जे सर्वमान्य झाले आहे तेवढेच, साध्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

काचेच्या नळीचा धडा

रक्त पुढचे सांगते, ही गोष्ट मुखेड तालुक्याला नवी नाही. डोंगराळ, कोरडवाहू जमिनीच्या या भागात सर्पदंश हा शेतकऱ्याच्या पाचवीला पुजलेला. येथील डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या उपचारांतील आपला दहा वर्षांचा अनुभव लेखरूपाने मांडला आणि तो २००५ साली 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तालुक्याच्या गावातूनही शास्त्रात भर घालता येते, याचे ते उदाहरण होय.

सर्पदंशात जगभर वापरली जाणारी एक अतिशय साधी तपासणी आहे. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती २० मिनिटे न हलविता ठेवावयाची आणि मग तिरपी करून पाहावयाची. रक्त गोठले नसेल, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचे विष अंगात भिनले आहे असे समजावयाचे. पुढे रक्तस्राव होईल, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतील, याची सूचना ही नळी आधीच देते. विजेचे यंत्र नाही, महागडे रसायन नाही. फक्त काय पाहावयाचे आणि केव्हा पाहावयाचे, हे ठाऊक असले पाहिजे.

सर्पदंशात धोका काही तासांत उघड होतो. हृदयविकारात तोच धोका दहा-वीस वर्षे गुपचूप वाढत असतो. फरक एवढाच. त्या दीर्घ काळातही रक्तात आणि लघवीत खुणा उमटत असतात. त्या वाचता येतील काय, हाच या लेखाचा विषय आहे.

जुनी चतुःसूत्री आणि तिची मर्यादा

हृदयविकाराचे भाकीत करण्याचा शास्त्रशुद्ध उद्योग १९४८ साली अमेरिकेतील फ्रामिंगहॅम या छोट्या गावात सुरू झाला. तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे नियमित तपासणी करण्यात आली. कोणाला झटका येतो आणि कोणाला येत नाही, याची नोंद ठेवता ठेवता रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि मधुमेह यांचे महत्त्व सिद्ध झाले. पुढे २००४ साली ५२ देशांतील रुग्णांचा 'इंटरहार्ट' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने दाखवून दिले की पहिल्या झटक्यामागील बहुतांश धोका नऊ साध्या, मोजता येण्याजोग्या गोष्टींत सामावलेला असतो. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती आपणांस अस्वस्थ करणारी आहे. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ वर्षे होते, तर इतर देशांत ते ५९ वर्षे होते. सहा वर्षांचा हा फरक कुटुंबाच्या भाषेत मांडावयाचा तर मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि सोसायटीचे कर्ज अर्ध्यावर असतानाच घरचा कर्ता आडवा होतो.

परंतु ही जुनी सूत्रे सर्वांना पकडत नाहीत. ज्यांचे कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नाही अशा कित्येकांना झटका येतो. हिशेबाच्या वहीत मोठ्या रकमा बरोबर असाव्यात आणि तरीही तेरीज जुळू नये, अशी ही स्थिती. मग जी नोंद राहून गेली ती शोधावी लागते. अशा दोन नोंदी गेल्या तीस वर्षांत विशेष पुढे आल्या. एक दाहाची आणि दुसरी मूत्रपिंडाची.

दाह म्हणजे काय?

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. शरीराचे रक्षक तेथे धावून आल्याची ती खूण असते. याला दाह म्हणतात. काटा निघाला की दाह शमतो. पण हाच दाह रोहिणीच्या आतल्या अस्तरात, मंद आंचेवर, वर्षानुवर्षे चालू राहिला तर? तंबाखू, वाढलेला रक्तदाब, वाढलेली साखर यांनी अस्तराला इजा होते. तेथे कोलेस्टेरॉल शिरते. ते खाण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी येतात, तेथेच अडकतात आणि मेदाचा थर साचतो. दाह जितका अधिक, तितके या थरावरचे आवरण पातळ होत जाते. एके दिवशी ते फाटते, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडतो. थर लहान असला, रोहिणी पूर्ण अरुंद झालेली नसली, तरीही हे घडू शकते. म्हणूनच काल शेतात राबणारा माणूस आज अचानक कोसळतो.

हा आतला दाह मोजण्याचे प्रसिद्ध साधन म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, थोडक्यात सी.आर.पी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांनी १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम ओळखले. हे प्रथिन यकृतात तयार होते. शरीरात कोठेही दाह झाला की त्याचे प्रमाण वाढते. साध्या तपासणीत जंतुसंसर्गाची मोठी वाढ कळते. हृदयासाठी मात्र अत्यंत अल्प प्रमाणही मोजणारी अतिसंवेदनशील तपासणी लागते. ती 'एच.एस.-सी.आर.पी.' या नावाने ओळखली जाते. १९९७ साली डॉ. पॉल रिडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, निरोगी दिसणाऱ्या पुरुषांपैकी ज्यांचे सी.आर.पी. सर्वांत वरच्या चतुर्थांशात होते, त्यांना पुढील काळात झटका येण्याचा धोका सर्वांत खालच्या चतुर्थांशातील पुरुषांच्या सुमारे तिप्पट होता.

२००३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी ढोबळ मर्यादा ठरविल्या. लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी असल्यास धोका कमी, १ ते ३ असल्यास मध्यम आणि ३ हून अधिक असल्यास जास्त. १० हून अधिक आढळल्यास आधी जंतुसंसर्ग किंवा अन्य आजार शोधावा आणि तो बरा झाल्यावर तपासणी पुन्हा करावी.

पुण्याजवळच्या खेड्यांतून मिळालेले उत्तर

हे सर्व परदेशातील झाले, आपल्या माणसांचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील खेड्यांत राहणारे, शहरातील झोपडपट्टीत राहणारे आणि शहरी मध्यमवर्गीय अशा तीन गटांतील एकूण ४४१ पुरुषांचा तौलनिक अभ्यास केला. खेड्यातील पुरुषांपेक्षा शहरी मध्यमवर्गीय पुरुषांच्या शरीरात चरबी अधिक होती आणि त्याबरोबर रक्तातील दाहाचे सूचकही अधिक होते. चरबी म्हणजे नुसती साठवण नव्हे. विशेषतः पोटाभोवतीची चरबी दाह वाढविणारी द्रव्ये रक्तात सोडीत असते.

याच डॉ. याज्ञिकांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले आणि जगभर गाजले. त्यांच्या शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन आहेत. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा निर्देशांक दोघांचाही तंतोतंत २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण भारतीय हडकुळे दिसतो, पण आतून चरबी बाळगतो, हा त्याचा अर्थ. "आमचा माणूस तर काटकुळा, त्याला कसला हृदयविकार?" हा आपल्या भागातील समज किती फसवा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

मुखेडच्या संदर्भात या अभ्यासाचा आणखी एक अर्थ निघतो. खेड्यातल्या शरीरकष्टाचे संरक्षण कायमचे नसते. पोटासाठी मुंबई, पुणे किंवा हैदराबादला गेलेला तरुण चौकीदारीच्या खुर्चीवर बसतो, चहा-वडापाववर दिवस काढतो, रात्रपाळीने झोप गमावतो. गावीदेखील ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यापासून चालणे कमी झाले आहे. म्हणजे गाव आणि शहर यांतील अंतर रस्त्यावर मोजता येते, पण रक्तात ते झपाट्याने कमी होत आहे.

मूत्रपिंड : हृदयाचा अबोल भागीदार

मूत्रपिंडे वजनाने लहान, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर वगळता बाकी सर्व परत घेतात. हे काम मंदावले की शरीरात मीठ आणि पाणी साचते, रक्तदाब चढतो, रक्त कमी होते, फॉस्फरस वाढून रोहिणीच्या भिंतींत चुना जमू लागतो आणि दाहही वाढतो. म्हणजे हृदयाचे जेवढे म्हणून शत्रू, त्या सर्वांना एकाच वेळी दार उघडले जाते. मूत्रपिंडविकार असलेले अनेक रुग्ण डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच हृदयविकाराने दगावतात, याचे कारण हेच.

२००४ साली अमेरिकेतील उत्तर कॅलिफोर्नियामधील ११,२०,२९५ प्रौढ व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटाला ६० मिलिलिटर किंवा अधिक असलेल्यांशी तुलना केली असता, ४५ ते ५९ गाळणक्षमता असलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटनांचा धोका १.४ पट आढळला. ३० ते ४४ मध्ये तो २ पट, १५ ते २९ मध्ये २.८ पट आणि १५ हून कमी असल्यास ३.४ पट. जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसा हा धोका चढत जातो. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०२३ साली हृदयविकाराच्या भाकितासाठी जे नवे गणित मांडले, त्यात मूत्रपिंडांची गाळणक्षमता मूळ घटक म्हणून धरण्यात आली आहे.

एकच आकडा, दोन माणसे

येथे नातेवाइकांच्या "रिपोर्ट नॉर्मल होता" या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. मूत्रपिंडांची नेहमीची तपासणी म्हणजे क्रिएटिनिन. हे द्रव्य स्नायूंतून तयार होते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. त्यामुळे ज्याचे स्नायू कमी, त्याच्या रक्तात क्रिएटिनिनही मुळात कमीच असते. अंगाने खंगलेल्या वृद्ध आईचे मूत्रपिंड अर्धे थकले तरी क्रिएटिनिनचा आकडा साळसूद दिसतो.

एक उदाहरण घेऊ. दोन व्यक्तींचे क्रिएटिनिन १.२ आले. एक ३० वर्षांचा पुरुष आणि दुसरी ६५ वर्षांची स्त्री. २०२१ साली सुधारलेल्या प्रचलित सूत्राने हिशेब केला, तर त्या तरुणाची गाळणक्षमता सुमारे ८३ येते आणि त्या मावशींची सुमारे ५०. कागदावर आकडा एकच, पण तरुणाला चिंतेचे कारण नाही, तर मावशींची क्षमता ६० च्या खाली गेलेली. ही स्थिती तीन महिन्यांनंतरही कायम राहिली, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार ठरतो. नुसती शिल्लक पाहून व्यापाऱ्याची पत ठरत नाही. त्याची उलाढाल आणि देणे पाहावे लागते. तसेच येथे वय आणि लिंग पाहावे लागते. म्हणून आमची विनंती अशी की, क्रिएटिनिनच्या आकड्याशेजारी 'ई.जी.एफ.आर.' म्हणजे अंदाजित गाळणक्षमता लिहून मागावी. त्यासाठी रक्ताचा एक थेंबही अधिक लागत नाही; लागतो तो केवळ हिशेब.

अत्यंत कृश किंवा पिळदार शरीराच्या व्यक्तींमध्ये हा हिशेबही चुकू शकतो. तेथे सिस्टॅटिन-सी नावाचे दुसरे प्रथिन मोजतात. ते शरीरातील जवळजवळ सर्व पेशींतून तयार होत असल्याने स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या वृद्धांच्या एका अभ्यासात मृत्यू व हृदयविकाराचे भाकीत करण्यात ते क्रिएटिनिनपेक्षा सरस ठरले. मात्र ते महाग आहे आणि सर्वांस आवश्यक नाही.

अशीच एक तपासणी लघवीची आहे. निरोगी मूत्रपिंड अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तातच राखून ठेवते. लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम किंवा अधिक अल्ब्युमिन सातत्याने आढळले, तर गाळणी झिरपू लागली असे समजावे. गाळणीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिजल्या, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे अस्तरही शाबूत नसण्याचा संभव मोठा. क्रिएटिनिन वाढण्यापूर्वी कित्येक वर्षे ही खूण दिसू शकते. मधुमेहाच्या रुग्णाने ही तपासणी वर्षातून एकदा करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सूचक आणि कारण यांतील भेद

आता सावधगिरीचा भाग. धूर दिसला की आग असते, पण धूर पंख्याने घालविल्यास आग विझत नाही. सूचकांचेही तसेच आहे. डॉ. याज्ञिक यांच्या वर उल्लेखिलेल्या ४४१ पुरुषांत ६७ टक्के लोकांना ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली आणि ५८ टक्के लोकांत होमोसिस्टीन हे द्रव्य वाढलेले होते. होमोसिस्टीन वाढलेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो, म्हणून ते कमी केल्यास झटके कमी होतील, अशी जगभर आशा होती. परंतु २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी होमोसिस्टीन कमी झाले, तरी हृदयाचे झटके मात्र कमी झाले नाहीत. ब-१२ ची कमतरता रक्त आणि नसा यांच्यासाठी अवश्य भरून काढावी. पण ती हृदयाची ढाल समजू नये.

सी.आर.पी.च्या बाबतीतही, ते प्रथिन स्वतः गुन्हेगार नसून साक्षीदार आहे, असेच आनुवंशिकतेच्या अभ्यासांवरून दिसून आले. दाह मात्र खरोखर गुन्ह्यात सामील असतो, हे २०१७ साली सिद्ध झाले. 'कँटोस' नावाच्या चाचणीत पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि सी.आर.पी. वाढलेल्या १०,०६१ रुग्णांवर कोलेस्टेरॉलला स्पर्शही न करता केवळ दाह कमी करणारे औषध वापरले गेले. योग्य मात्रेत त्याने पुढील झटके व तत्सम घटना १५ टक्क्यांनी कमी केल्या. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. त्यामुळे ते औषध या कामासाठी रूढ झाले नाही. त्याआधी २००८ साली 'ज्युपिटर' चाचणीत, कोलेस्टेरॉल बेताचे पण सी.आर.पी. २ किंवा अधिक असलेल्या १७,८०२ लोकांत रोसुव्हास्टॅटिनने प्रमुख घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. म्हणजे सूचकाचा खरा उपयोग कोणाला उपचारांची अधिक गरज आहे, हे ठरविण्यात आहे.

आपल्या भागासाठी आणखी एक खबरदारी सांगितली पाहिजे. शेतात काम करणाऱ्याच्या पायाला जखम असते, दात किडलेले असतात, हिरड्यांतून पू येतो, घरात कोणाला खोकला असतो. या प्रत्येक कारणाने सी.आर.पी. वाढते. एका तपासणीवरून घाबरू नये. अंगात ताप, सर्दी, जखम नसताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासावे. एकक अवश्य पाहावे. एखादी प्रयोगशाळा लिटरवर आकडा देते, तर एखादी डेसिलिटरवर, ०.३ आणि ३ हे आकडे अशा वेळी एकाच धोक्याचे असू शकतात.

कोणी काय करावे?

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि धाप असे काही झाले, तर वर लिहिलेले सर्व बाजूस ठेवावे. त्या वेळी सी.आर.पी. किंवा क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट पाहू नये. हृदयाचा आलेख आणि ट्रोपोनिन या त्या वेळच्या तपासण्या आहेत. मुखेडहून नांदेड किंवा लातूर गाठेपर्यंत मोलाचा वेळ जातो. "पित्त असेल, गॅस असेल" म्हणून रात्र काढणे, हेच अनेक घरांचे दुर्दैव ठरते.

पूर्वसूचना ही तब्येत बरी असतानाची गोष्ट आहे. ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, ज्यांच्या घरात लहान वयात कोणाला झटका आला आहे, जे तंबाखू किंवा विडी सोडू शकलेले नाहीत, त्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, गाळणक्षमतेसह क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन एवढे तपासावे. एच.एस.-सी.आर.पी. ही सर्वांसाठी नव्हे. स्टॅटिनची गोळी सुरू करावी की नाही अशा कुंपणावर डॉक्टर असतील, तेव्हा ती उपयोगी पडते. 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या जाहिरातींतील पन्नास-साठ चाचण्यांवर एक खेप पैसे घालविण्यापेक्षा या पाच-सहा तपासण्या दर वर्षी करणे अधिक शहाणपणाचे.

तपासणीइतकेच तिच्यानंतरचे वागणे महत्त्वाचे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाणे मूत्रपिंडांस घातक आहे. ऊसतोडीला किंवा उन्हातल्या कामाला जाताना पाणी कमी पडू देऊ नये. लोणचे, पापड, खारी यांचे मीठ आवरावे. तंबाखू, मिश्री, गुटखा बंद करावा. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण मनाने बंदी घातल्याखेरीज ती खरी होत नाही. उपचारांच्या बाजूनेही आता आशादायक स्थिती आहे. रक्तदाबाची काही औषधे मूत्रपिंडांचेही रक्षण करतात. डापाग्लिफ्लोझिनसारखी मुळात मधुमेहासाठी आलेली औषधे हृदय आणि मूत्रपिंड या दोघांनाही सावरतात, हे मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे. मात्र कोणते औषध कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

देणगीचा रुपया कोठे पडावा?

आता देणगीदारांच्या प्रश्नाकडे वळतो. झटका आल्यानंतरच्या मोठ्या उपचारांसाठी शासनाचा आधार आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते आणि हृदयावरील शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी, डायलिसिस यांचा तीत समावेश आहे. परंतु झटका येण्यापूर्वीच्या दहा वर्षांसाठी, धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या लघवीच्या एका तपासणीसाठी, खिशातून पैसे काढावयास कोणी सहज तयार होत नाही. ज्याला काही दुखत नाही, त्याने मजुरी बुडवून दवाखान्यात यावे कशासाठी?

नेमकी हीच पोकळी धर्मादाय संस्थेने भरून काढावी, असे आम्हांस वाटते. वाणिज्य शाखेत एक साधा नियम शिकविला जातो. बुडीत कर्ज वसूल करण्यापेक्षा थकबाकी वेळेवर ओळखणे स्वस्त पडते. मोठे यंत्र दिसते, त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. अल्ब्युमिनच्या तपासणीवर पाटी लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही विश्वस्त मंडळापुढे आमचा प्रस्ताव असा आहे : मधुमेह व रक्तदाबाच्या नोंदणीकृत गरजू रुग्णांना वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन या तपासण्या विनामूल्य मिळाव्यात, प्रत्येक रिपोर्टवर गाळणक्षमता छापली जावी आणि ज्यांचा आकडा घसरलेला आहे त्यांना तीन महिन्यांनी परत बोलाविण्याची जबाबदारी रुग्णालयाने घ्यावी. यातील शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. रक्त काढणे सोपे; सुगीच्या दिवसांत माणसाला पुन्हा बोलावून आणणे कठीण. त्यासाठी यंत्र नव्हे, तर वही, दूरध्वनी आणि गावोगाव फिरणारी एखादी कार्यकर्ती लागते. देणगीचा रुपया येथे पडला, तर तो सर्वांत दूर जाईल.

रुग्णांच्या नातेवाइकांस आमचे सांगणे एवढेच. घरातील चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे जुने रिपोर्ट फेकून देऊ नका. एका पिशवीत तारखेनुसार लावून ठेवा. एका वर्षाचा आकडा फार थोडे सांगतो. पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की त्यांची दिशा दिसू लागते. क्रिएटिनिन ०.८ वरून १.१ वर आले असेल, तर दोन्ही रिपोर्टवर 'नॉर्मल' असेच छापलेले असते, पण डॉक्टरांची नजर तेथे थांबेल. ती पिशवी पुढच्या खेपेस सोबत आणावी, ही नम्र विनंती.